फार तर भात कच्चा राहील

बाबा, उद्या मंडळाची सभा आहे आणि मला तुमच्याबद्दल बोलायचंय. मंडळ म्हणजे तेच आपलं, गावच्या मुंबईकरांचं, ज्याच्या सभेला तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचात आणि परत येऊन आईला सांगायचात की यंदाही पालखीवरूनच भांडले. आता अर्धीअधिक माणसं नवी मुंबईत राहायला आलीत, म्हणून सभा नेरूळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये असते. भांडणं तीच. पण उद्या विषय पालखीचा नाही की देवळाच्या छपराचा नाही. आपल्या गावच्या सड्यावर, त्या वरच्या कातळाच्या माळावर, अणुवीज प्रकल्प आणायचं चाललंय, आणि मंडळानं विरोधाच्या बाजूनं उभं राहायचं की गप्प बसायचं, ते उद्या हात वर करून ठरणार आहे. गावातले लोक त्यासाठी थांबलेत. मुंबईकर ज्या बाजूला त्या बाजूला गाव, हे तुमच्या वेळेपासून तसंच आहे. सकाळपासून मी गॅस बंद केलाय की नाही ते दोनदा उठून पाहून आले. आई म्हणते, बापाचा स्वभाव घेतलास, नाक तेवढं घ्यायचं राहिलं.

मंडळाचा सेक्रेटरी आता माझा चुलतभाऊ आहे, काकांचा धाकटा. तुमच्या मांडीवर बसून तुमच्या चष्म्याच्या काड्या वाकवायचा तो. परवा घरी आला, चहा घेतला आणि पायातले सॉक्स सारखे करत म्हणाला, "ताई, तू शाळेत सायन्स शिकवतेस, तुझं ऐकतील लोक. पण ते आकडेबिकडे नको हां. झोपतात सगळे. तू फक्त एवढंच बोल, माझे वडील तसल्याच प्लांटमध्ये होते आणि त्यानंच गेले. बस. मग बघ हात कसे वर होतात."

"त्यानंच गेले, हे तुला कुणी सांगितलं?"

"अगं, सगळ्या गावाला माहितीय. तू कशाला टेन्शन घेतेस?"

आई आत मेथी निवडत बसली होती. तिथूनच म्हणाली, "त्यांचं नाव त्यात घालू नको गो. त्या नोकरीवर घर उभं केलंनी त्यांनी."

"काकी, गाव राहिलं तर घर राहील ना?" तो म्हणाला, आणि आई पुन्हा मेथीकडे वळली. मीही त्याला अडवलं नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. प्रकल्प आला तर सडा जाईल, खालची मासेमारी जाईल, आणि मला तो प्रकल्प नकोच आहे. अगदी मनापासून नकोय. म्हणून तर हा घोळ झालाय. हवा असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

तुम्हाला तो बादलीचा दिवस आठवतो का? मी चौथीत असेन. तेव्हा आपण वाशीला दोन खोल्यांत राहायचो. प्लांटमधून निघताना छातीवरचा बिल्ला काढून फाटकाजवळच्या फळीवर आपापल्या खणात ठेवायचा आणि मगच बसमध्ये चढायचं, हा तुमचा नियम. त्या दिवशी बस सुटायच्या घाईत तुम्ही बिल्ल्यासकट घरी आलात, आणि आईनं तो शर्ट तसाच सोड्याच्या पाण्यात भिजत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मोरीच्या दारात उभे आहात, हातातल्या बिल्ल्यातून पाणी ठिबकतंय, आणि तुमचा आवाज चढलाय. मी तो तसा आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "बघून तरी टाकायचं होतंस!" आई म्हणते, "रोज खिसे तुम्हीच तपासून देता, मला काय ठाऊक?" आणि चुलीकडे तोंड करून रडायला लागते. चूल कसली, गॅसच, पण आपल्याकडे त्याला चूलच म्हणायचे. मला वाटलं, बिल्ला बिघडला म्हणजे आता तुम्हाला काहीतरी होणार. मी तसं विचारलंही. तुम्ही मोरीच्या कठड्यावर बसलात.

"अगं, हे काय चिलखत आहे का? हा वाचवत नाही कुणाला. आत फिल्म असते. अंगाला किती किरणं लागली ते ती नंतर सांगते."

"आणि आता?"

"आता या खेपेचं ती सांगणार नाही."

तुम्ही तो कागदात गुंडाळून घेऊन गेलात, साहेबांना स्वतःहून सांगितलंत, बोलणी खाल्लीत. पण तेवढ्या दिवसांचं रीडिंग कोरं राहिलं ते राहिलंच. बाकीचं सगळं ठीक होतं, तुम्हीच सांगायचात. मला मात्र त्या दिवसापासून 'नंतर' या शब्दाची धास्ती बसली. आजही लॅबमधून कसला रिपोर्ट नंतर घेऊन जा म्हणाले, की मी तिथल्याच बाकावर बसून राहते.

मग काही आठवड्यांनी एका रविवारी तुम्ही खांद्यावर एक पेटी घेऊन जिना चढून आलात. लग्नातल्या ट्रंकेसारखी, झाकणाच्या आत आरसा. बादलीनंतर आई तुमच्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि माफी मागायची तुम्हाला सवय नव्हती, म्हणून तुम्ही सोलर कुकर आणलात. असली भेट आणणारा नवरा त्या कॉलनीत एकच. आपण तो गच्चीवर नेला. आतले काळे डबे, एकात तांदूळ, एकात डाळ. तुम्ही लुंगीवर, डोक्याला पंचा गुंडाळून, दर थोड्या वेळानं पेटी उन्हाकडे वळवताय. शेजारच्या मावशी मिरच्या वाळवायच्या निमित्तानं बघायला आल्या होत्या. आईला तुम्ही आणलेल्या कुठल्याही यंत्राचा संशय. लांबूनच तिनं विचारलं, "यात काही बिघडलं तर?" तुम्ही खो खो हसलात. "बिघडून बिघडणार काय? फार तर भात कच्चा राहील!" आणि आई हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. दुपारी ढग आले आणि भात खरोखरच कच्चा राहिला. आपण तो तसाच वरण घालून खाल्ला.

तुम्ही काय बोलून गेलात ते तुमच्याच लक्षात आलं नाही, बाबा. माझ्याही तेव्हा नाही आलं. कॉलेजात गेल्यावर मी तुमच्याशी वाद घालायची आणि तुम्ही म्हणायचात, "दिव्याचं बटण दाबताना आठवतं का हे सगळं?" मी चिडून अंधारात बसायची. तुमचा त्या कामावर विश्वास होता, देशाचं काम म्हणून, आणि त्यात खोट नव्हती. मला वाद तुमच्या कामाशी नव्हताच. ज्या कामात चूक झालीय का ते नंतर कळतं, आणि कधी कळतच नाही, त्याच्या शेजारी गाव वसवायला माझं मन धजत नाही. आणि ते जळून उरलेलं इंधन? हजारो वर्षं राखण करायची म्हणतात. अहो, आपल्या वाडीत गणपतीला घर उघडायला माणूस मिळत नाही. निम्म्या दारांना कुलपं. राखणीला बसणार कोण?

आता आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालतात. मीच मागे लागून बसवले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी अजून बोलत नाहीत माझ्याशी, त्यांची पापड वाळवायची जागा गेली. पावसाळ्यात वीज कमी पडते, ढग आले की मी मीटर बघायला खाली धावते, आणि वॉचमन हसतो. उद्या कुणीतरी विचारणारच, "मॅडम, रात्री काय करनार? पावसात काय करनार?" बरोबर आहे त्यांचं. मी सांगणार, बॅटऱ्या लागतील, वारा लागेल, जपून वापरायला लागेल. आपल्या सड्यावर तर वारा असा की टोपी डोक्यावर राहत नाही. सोपं नाही, पण त्यात चुकलं तर चूक त्याच दिवशी दिसते आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. एवढं बोलून हात वर होतील का, कोण जाणे. भाऊ म्हणतो, नाही होणार. आणि नाही झाले तर गावही गप्प बसेल, मग संपलंच. हे मला कळतं.

तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं होतं. ते म्हणाले, हा रक्ताचा आजार शेतकऱ्यालाही होतो, मास्तरालाही होतो, कशानं झाला ते सांगता येणार नाही. आत आले तर तुम्ही डोळे मिटून पडला होतात. सगळं ऐकलं होतंत. "कुणी विचारलं तर माहीत नाही म्हणायचं," तुम्ही म्हणालात, "कारण माहीत नाही." मग उशी सारखी करायला सांगितलीत.

तर उद्या मी सभेत तेच सांगायचं ठरवलंय. माझे वडील कशानं गेले मला माहीत नाही, आणि आपल्या नातवंडांच्या बाबतीत असं 'माहीत नाही' म्हणायची पाळी तुम्हा गाववाल्यांवर येऊ नये, म्हणून हा प्रकल्प नको. मग कुकरची गोष्ट सांगीन. आईला विचारलं, चालेल का? तिनं हातातलं ताट फळीवर लावलं. मग म्हणाली, "भात कच्चा राहिलेला ते पण सांग. नायतर फुशारकी वाटेल."

पण एक सांगून टाकते, बाबा. मघाशी आई झोपल्यावर मी आरशासमोर उभी राहून भावाचं ते वाक्य म्हणून पाहिलं. माझे वडील त्यानंच गेले. किती सहज आलं तोंडातून. डोळ्यांतून पाणीसुद्धा आलं, आणि ते खोटं नव्हतं. समोर हॉल भरलेला असेल, हात वर होत नसतील, तेव्हा मी काय बोलेन याची मला आत्ता खात्री देता येत नाही. म्हणून माळ्यावरून कुकरमधला तो भाताचा काळा डबा काढलाय. हा कागद, तुमच्या त्या 'माहीत नाही'सकट, घडी करून त्यातच ठेवते. उद्या बोलायला उभी राहीन, तेव्हा डबा हातात घट्ट धरून ठेवणार आहे.