उजवीकडचा लाल तीळ

५ फेब्रुवारी
जयंतला पुन्हा ताप. महिना झाला — संध्याकाळी चढतो, डॉक्टरकडे पोचेपर्यंत उतरतो. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, असले बग ओळखीचे आहेत. दाखवायला गेलं की गायब!

११ फेब्रुवारी
ॲडमिट केलं. सीटी, एमआरआय, बोन मॅरो. सगळ्या रिपोर्टांवर एकच जर्मन शब्द — उनआउफ्फेलिश. म्हणजे लक्षात येण्यासारखं काही नाही. सकाळी जयंतनं मला, स्वतःच्या बायकोला, शुभा म्हणून हाक मारली. शुभा त्याची बहीण.

१४ फेब्रुवारी
डॉक्टर ब्रांटबाईंना वेगळीच शंका आहे. एक दुर्मीळ कॅन्सर, लिम्फोमाचा प्रकार, म्हणे रक्तवाहिन्यांच्या आतच वाढतो. गाठ येत नाही, म्हणून स्कॅनमध्ये सापडत नाही. चांगल्या दिसणाऱ्या कातडीचे तुकडे काढून पाहायचे — मांडी, दंड. मग जयंतच्या पोटावरच्या लाल तिळाकडे बोट. "तर मग, हासुद्धा. हा रक्तवाहिन्यांचाच गुंता असतो."

"तीळ नाही काढायचा. आईला विचार," जयंत म्हणाला. आज वार कुठला ते त्याला सांगता आलं नव्हतं. तीळ मात्र पक्का लक्षात!

१५ फेब्रुवारी
सासूबाईंना सांगलीला फोन. "अगं मुक्ता, पुरुषाच्या उजव्या अंगाला लाल तीळ! तो उगवला आणि जर्मनीची नोकरी लागली. नशीब कुणी कापून देतं का? मांडीचं कातडं घ्या म्हणावं, हवं तेवढं."

हवं तेवढं. मी हो हो म्हटलं. राग आला. नंतर भीती वाटली — तीळ काढला आणि याचं काही बरंवाईट झालं, तर सगळं माझ्या माथी.

१६ फेब्रुवारी
जयंतला सांगितलं, आई हो म्हणाल्या. साफ खोटं. "हो, हो, मग काढा," म्हणाला आणि सही केली. सही अर्धीच आली.

१७ फेब्रुवारी
तिळाच्या जागी दोन टाके. ताप एकोणचाळीस, म्हणजे आपला एकशेदोन. आईंचा फोन उचलला नाही.

२३ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. मांडी, दंड — उनआउफ्फेलिश. तिळात लिम्फोमा. उद्यापासून केमो. वेळेत कळलं, आता इलाज करता येईल, असं ब्रांटबाई म्हणाल्या.

आईंना फोन केला. तीळ काढला आणि रोग त्यातच सापडला, हे सांगून टाकलं. मग म्हटलं, "आई, तुमचं खरं होतं. नशिबाचाच होता."