पिल्लाचं पोट

ता. ३, मंगळवार

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. काल तुझा फोन आला तेव्हा दुकानात मापं द्यायला दोघीजणी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर शी-शूच्या गोष्टी काय बोलणार, म्हणून नुसतं ठीक आहे म्हणालो. ठीक काही नाही. तू पाठवलेल्या पिल्लाला येऊन दोन आठवडे झाले, त्यातले दहा दिवस त्याचं पोट बिघडलेलं आहे. आधी पातळ व्हायचं, मग आव पडायला लागली, आज तर रक्ताची रेघ दिसली. एरवी मशीन चालू झालं की माझ्या पायांवर भुंकायचं, आता चिंध्यांच्या ढिगात पडून असतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी शी तपासायला मागितली. ती मी बटणांच्या रिकाम्या डबीत नेली. डबीवर माझ्याच अक्षरात ‘पांढरी, चार भोकांची’ असं लिहिलेलं होतं. बाई बराच वेळ हसत होत्या.

खरं सांगतो, मला हे झेपत नाही. तुझ्या आईचं दीड वर्ष मी निभावलं. ती जाऊन चार महिने होताहेत, तोवर पुन्हा घरात कुणाचा श्वास चालू आहे की नाही ते बघत बसायचं माझ्यात बळ नाही. तू ये आणि याला घेऊन जा.

तब्येत सांभाळून रहा.
बाबा


ता. ५, गुरुवार

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शाळेत वाचलं. बटणांच्या डबीपाशी हसू आवरेना, इतर शिक्षिका बघायला लागल्या. मग रक्ताचं आठवलं आणि लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. जंत नाहीत आणि ज्या मोठ्या आजाराची भीती होती तोही नाही, म्हणाल्या. त्याच्या खाण्यातच काहीतरी आहे. पण तुम्ही तर त्यांना सांगितलंत की पिशवीतल्या खाण्याशिवाय तो काही खात नाही. तेव्हा एक दिवस त्याच्या तोंडात जे जे जाईल ते मापाच्या वहीत लिहा आणि त्यांना दाखवा. कापडाचं अर्ध्या बोटाचं माप तुम्ही चुकत नाही, तशीच नोंद हवी.

न विचारता पिल्लू पाठवलं ही माझी चूक झाली. दुकान बंद झाल्यावर तुम्ही कुणाशी एक शब्दही बोलत नाही, याची मला फार काळजी वाटायची. या रविवारी पेपर तपासायचे आहेत, पंधरा तारखेला नक्की येते. आमच्या गाण्याच्या बाई त्याला घ्यायला तयार आहेत. तोवर त्याला जपा.

माझ्यावर रागवायचं तर रागवा, पण वेळेवर जेवा.
तुमची ठकू


ता. १०, मंगळवार

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी सगळं लिहिलं. सकाळी पिशवीतलं खाणं, अर्धी वाटी. दुपारी तेच. निळा दोरा, एक वीत, ओढून काढला. संध्याकाळी सात वाजता दूध, एक कप. हे लिहिलं आणि हात थांबला.

डॉक्टरीणबाईंशी मी खोटं बोललो नव्हतो गं. ते दूध मी पिल्लाच्या हिशेबात धरलंच नव्हतं. ते तुझ्या आईचं होतं. औषधाबरोबर तिला कोमट दूध लागायचं. ती गेली तरी सात वाजले की माझे हात पातेलं चढवतात. आधी ते मोरीत ओतायचो आणि जेवण जायचं नाही. पिल्लू आलं, चौथ्या दिवशी त्याच्यापुढे ठेवलं, आणि त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. मला इतकं बरं वाटलं की रोज तेच करत गेलो.

काल बाईंनी वही वाचली. आईपासून सुटलेल्या पुष्कळ पिल्लांना दूध पचत नाही, ते आजपासून बंद, म्हणाल्या. रागावल्या नाहीत. मीच माझ्यावर रागावलोय. त्या मुक्या जिवाला मी स्वतःच्या हातानं, लाड करून आजारी पाडत होतो.

काल सात वाजता शेगडी पेटवली नाही. पिल्लू स्वयंपाकघरात येऊन बसलं, मीही बसलो. काय करायचं ते दोघांनाही कळेना. शेवटी त्याला उचलून चौकापर्यंत फिरवून आणलं.

काळजी नसावी.
बाबा


ता. १२, गुरुवार

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळी शी बांधून झाली. रक्त नाही, आव नाही. चांगली बसलेली कॉलर बघावी तसा मी अंगणात उभा राहून बघत होतो. शेजाऱ्यांनी काय हरवलं म्हणून विचारलं.

एवढा आनंद झाला की तुझ्या आईला सांगायला आत वळलो. दारापर्यंत गेल्यावर आठवलं. मग पायरीवर बसून रडलो, ती गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि मनसोक्त. चिंध्या मांडीवर चढून बसला होता, माझं होईपर्यंत हलला नाही. हो, गिऱ्हाइकांनी त्याचं नाव चिंध्या पाडलंय, आणि तो हाकेला येतो.

पंधराला तू ये. गाण्याच्या बाईंना मात्र माझा नमस्कार सांग आणि कळव, की आमच्याकडे द्यायला पिल्लू नाही.

वाट बघतो आहोत.
बाबा