‘मजेत’चा अर्थ

प्रिय वन्सं,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं पोचलं असं समजा आणि आधी बातमी ऐका. जिंकलो! आमचा पोपट पास झाला. काल मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की फोनची सेवा चालू राहणार, आणि आता एका भागापुरती नाही, अख्ख्या शहरासाठी. टाळ्या काय वाजल्या म्हणून सांगू! तरंगतच घरी आले आणि तुमच्या बंधुराजांना बातमी दिली, तर त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, कोणता पोपट? इतके महिने रोज जेवताना या माणसाला मी दुसरं काही सांगितलेलं नाही. म्हणून म्हटलं, ज्याला कान आहेत अशा माणसाला लिहावं.

तुम्हालाही नीट सांगायचं राहूनच गेलंय, कारण फोनवर मी सुरुवात केली की तुम्ही ‘बरं बरं, ठेवते’ म्हणून मोकळ्या होता. पत्र काही मधेच ठेवून देता येत नाही, निदान तुम्हाला तरी येणार नाही. तर ऐका. ज्या हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत बसून मी निवृत्त झाले, त्यांनीच मला परत बोलावलं. तिथे त्यांनी एक संगणक बसवलाय. तो एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करतो, कसे आहात विचारतो, आणि उत्तरावरून ठरवतो की नर्सला पाठवायचं की नको. बोलतो गोड, म्हणून सगळे त्याला पोपट म्हणतात. पुस्तकी भाषा त्याला तोंडपाठ होती, पण सकाळी उठून पुस्तकासारखं बोलतंय कोण? ती बाकीची भाषा त्याला माणसांशी बोलत बोलतच शिकायची होती. तो चुकणार, आपण सांगायचं, त्याने पुन्हा विचारायचं. आणि उन्हाळा लागेपर्यंत हे जमलं नाही तर सेवा बंद, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बंद म्हणजे त्या सगळ्या माणसांना सकाळी विचारणारं कोणीच नाही. नर्स मोजक्या आणि दारं शेकड्यांनी, त्या तरी कुठे कुठे पुरणार?

सुरुवातीला त्याने आमचाच पोपट केला. एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरना त्याने तब्येत विचारली, तर ते म्हणाले, मला काय धाड भरलीय? याने ‘धाड’ ऐकलं आणि थेट पोलिसांना कळवलं. दारात दोन हवालदार! ड्रायव्हरकाकांनी त्यांना चहा पाजला आणि तासभर सोडलं नाही म्हणे. दुसरे एक आजोबा, ऐंशीच्या पुढचे, सुस्कारा टाकून म्हणाले की आमचं काय, दिवस भरत आले. याने त्यांचं नाव प्रसूती विभागात नोंदवलं. तिथल्या सिस्टरचा मला फोन, की पेशंट कधी दाखल होणार आणि हे पहिलंच का? आम्ही पोट धरधरून हसलो. मग एक बाई त्याला म्हणाल्या, चाललंय आपलं. याने लिहिलं, रोज चालतात, प्रकृती उत्तम. त्या बाई तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. शेजारणीने दार वाजवलं म्हणून कळलं. त्या दिवशी माझं हसू पळालं आणि मी ठरवलं की याला शिकवल्याशिवाय घरी बसायचं नाही.

शिकवायचं कसं, ते मला तिथल्या एका इंजिनीअर मुलीने दाखवलं. पोरगी हुशार आहे, मला मावशी म्हणते, आणि हेडफोन गळ्यात माळेसारखे घालून फिरते. ती म्हणाली, मावशी, नुसते अर्थ सांगून भागायचं नाही, तुम्ही त्याच्याशी बोला आणि चुकला की तिथल्या तिथे टोका. टोकायला मी! वन्सं, माझ्या जिभेला हाड नाही असं तुम्ही माझ्या लग्नापासून म्हणत आलात. आता बघा, त्याच जिभेसाठी त्यांनी काचेची वेगळी खोली दिलीय, वर पंखा. तिथे बसून मी कधी रुसलेली सासू व्हायची, कधी चिडका म्हातारा. आधी टोमणे घेतले, कारण त्यात माझा हात कोण धरणार, एक तुम्ही सोडून. मी म्हणायची, वा, फार लवकर आठवण झाली आमची! तो म्हणायचा, धन्यवाद. मी कपाळावर हात मारायची आणि पुन्हा सांगायची. मग प्रत्येक वाक्यामागे त्याचं सुरू झालं की हे खरं समजायचं की टोमणा? बेजार केलं मला. पण एका सकाळी मी म्हटलं, या या, आम्ही आपलीच वाट बघत होतो, आणि हा म्हणाला, उशीर झाला, चुकलंच माझं. मी खुर्चीतून उठून चक्क नाचले. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, तरी नाचले.

टोमणा त्या मानाने सोपा, तो आवाजात कळतो. खरी गोची झाली ‘मजेत’ने. मजेत असलेला माणूस म्हणतो मजेत, आणि नसलेलाही म्हणतो मजेतच. वरून सूर तोच, शब्द तोच. इंजिनीअर मुलगीही डोकं धरून बसली. तेव्हा मला तुम्ही आठवलात. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होतात तेव्हा कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेल्या पोरीला तुम्ही ‘काय झालं’ असं कधीच विचारलं नाहीत. ‘आज वेणी कोणी घातली गं?’ म्हणायचात, आणि ती पोरगी ढसाढसा रडत सगळं सांगून टाकायची. मी तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलंय. तीच युक्ती पोपटाला दिली. त्याला सांगितलं, तब्येतीचं विचारलं की माणूस सावध होतो, तेव्हा चहाचं विचार, खिडकीचं विचार. तो रोज फोनवर ते करून बघायला लागला. कधी भलतंच विचारून बोलणी खायचा, पण खाल्लेलं बोलणं विसरायचा नाही, हा गुण घेण्यासारखा आहे.

परीक्षेच्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः ऐकत बसले होते. ज्यांनी आधी होकार दिला होता त्यांचेच फोन ऐकवायचे असं ठरलेलं. पोपटाने एका म्हाताऱ्या शिंप्यांना फोन लावला. ते म्हणाले, मी ठणठणीत आहे, तुम्ही कशाला रोज त्रास घेता? पूर्वीचा पोपट ‘उत्तम’ लिहून मोकळा झाला असता. हा म्हणाला, चहा झाला का? नाही केला आज, शिंपीकाका म्हणाले. रोज कधी करता? उठलो की करतो. मग आज अजून उठला नाहीत का, असं त्याने इतक्या साधेपणाने विचारलं की मोठे डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. मग काका म्हणाले, “उठलो होतो रे. पडलो. तेव्हापासून खालीच आहे.” नर्स धावली, खुब्याचं हाड मोडलं होतं. आता ते आमच्याच वॉर्डात आहेत, शस्त्रक्रिया छान झाली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या सदऱ्याची शिलाई कशी चुकलीय ते ऐकवतात. इतका वेळ का सांगितलं नाही म्हणून मी रागावले, तर म्हणाले, कोणी विचारलं म्हणून सांगितलं, आपणहून कोणाला कशाला त्रास द्यायचा? मला एकीकडे भडभडून आलं आणि दुसरीकडे इतका अभिमान वाटला, की स्वतःच्या मुलाचा निकाल लागला तेव्हाही वाटला नव्हता.

आता खरं कारण लिहिते. काल टाळ्याबिळ्या संपून सगळे पांगल्यावर मी काचेच्या खोलीत एकटीच बसले आणि पोपटाशी तुमच्यासारखी बोलले, अगदी तुम्ही रविवारी फोनवर बोललात तशी: “मी अगदी मजेत आहे. तुम्ही तुमचं बघा.” त्याने विचारलं, “आज कोणाशी बोललात?” वन्सं, तुमच्या जागी बसून मी माणसं मोजायला गेले, तर दूधवाल्यापुढे गाडी जाईना. तुमचे यजमान गेल्यापासून त्या तिसऱ्या मजल्यावर तुम्ही दिवसभर कोणाशी बोलता, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. अख्ख्या शहराची सेवा म्हणजे शिकवायला आणखी माणूस हवं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या तोडीचं कोणी आहे का? मी म्हटलं, एक आहे, माझ्याहून वरचढ, आणि दुर्दैवाने ती माझी नणंद आहे. खुर्ची अडवून ठेवलीय. कीव करून बोलावतेय असं मनातही आणू नका, तुमच्याशी भांडल्याशिवाय मलाच करमत नाही. घरातली मागची खोली तुमच्यासाठी मोकळी केलीय, आणि आज सकाळी तुमच्या बंधुराजांनी स्वतःचे मोडके रेडिओ कोणी न सांगता तिथून हलवले, यावरून काय ते ओळखा. शनिवारी आम्ही गाडी घेऊन येतोय. उत्तरात ‘बघू’ एवढं मात्र लिहू नका. ‘बघू’ म्हणजे नाही, हे आता पोपटालासुद्धा कळतं.

तुमचीच, आणि भांडायला तुमच्याच तोडीची,
भावजय