सरळ लावलेल्या वेली

मी, केरू सखाराम गाजरे, वय अडुसष्ट, मूळ राहणार तालुका निफाड, जिल्हा नाशिक, सध्या मुक्काम मुलाकडे, खलिफा सिटी, अबू धाबी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, आज सकाळची साखर एकशे बत्तीस आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट मुलगा विघ्नेश नकोच म्हणत होता. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन आहे. इतकं साधं असतं तर त्यांनी माझ्या पाच सह्या घेतल्या नसत्या. तेव्हा माझ्यामागे काय कोणाचं, ते इथे लिहितो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. गावचं दोन खोल्यांचं घर आणि एक एकर द्राक्षबाग चि. विघ्नेश यास. विकायची तर विक, मी अडवायला येणार नाही. पण चुलतभावाला विकू नये. त्याने माझ्या पाळीचं पाणी नऊ वर्षं चोरलं आणि वर मलाच हिशेबी म्हणाला. त्याच्या गोठ्यात पडलेला फवारणीचा पंप माझा आहे, तो आणावा.

कलम २. पिंपळगावच्या बँकेतली ठेव सूनबाई सौ. स्वप्नाली हिला, एकटीला. माझी पत्नी कै. कृष्णाबाई अंथरुणाला खिळली तेव्हा विघ्नेश इकडे आखातात, रुवैसला ड्यूटीवर होता आणि ही पोरगी बिनपगारी रजा टाकून गावी चार महिने राहिली. विघ्नेशने वाईट वाटून घेऊ नये. घेतलं तरी कलम बदलणार नाही.

कलम ३. माझी सिकेटर कात्री. हिने मी निफाडात पंचवीस वर्षं छाटण्या केल्या. हिचं काम बघून नाशिकच्या वायनरीत येणारा एक फ्रेंच सल्लागार मला २००९ साली चीनला घेऊन गेला. निंगशिया नावाचा प्रांत, हेलान डोंगराच्या पायथ्याशी, नुसती खडी आणि वारा. तिथे वाइनची द्राक्षं पिकवायला मी आठ वर्षं होतो. गावाकडे सगळे म्हणायचे, केरू चीनला द्राक्षं शिकवायला गेला. मीही तसंच म्हणायचो. कात्री कोणालाही द्यावी, फक्त काचेच्या कपाटात ठेवू नये.

कलम ४. हॉलमधली फ्रेम. हिच्याबद्दल नीट लिहावं लागेल.

तिकडे हिवाळ्यात थंडी उणे वीसच्या खाली जाते. उघडी वेल जगत नाही. म्हणून नोव्हेंबर लागला की सगळी बाग तारांवरून सोडवायची, छाटायची, वेली जमिनीवर निजवायच्या आणि वर हात-दीड हात माती ओढायची. एप्रिलमध्ये पुन्हा उकरून काढायच्या. दर वर्षी, सगळ्या. हे काम बायकांच्या टोळ्या करायच्या. आमच्या टोळीची मुकादम होती मा बाई, मा हे तिचं आडनाव, तिथली मुसलमान, डोक्याला पांढरा रुमाल, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. बोलणं दुभाष्यामार्फत.

२०१० साली बारा एकर नवी लागवड माझ्या हाती दिली. मा बाईने बांधावर येऊन सांगितलं, रोप कलतं लावा, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, म्हणजे निजवताना खोड मोडत नाही. मी म्हणालो, पंचवीस वर्षं द्राक्षं लावतोय, मला शिकवू नका. आमच्याकडे वेल कधी निजवतच नाहीत. खोड ओळंब्यात सरळ आणि वर दोन बाजूंना ओलांडे, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांद्या, हीच आमची चांगली बाग. तशीच लावली. आणि मला तिचा फार गर्व होता.

दोन हिवाळे खोडं कोवळी होती, वाकली. २०१२ च्या नोव्हेंबरात ती मनगटाएवढी झाली होती. कडाका दोन दिवसांवर आलेला, बायका घाईत. निजवताना बुडाशी कट्‌ कट्‌ आवाज मी स्वतः ऐकला. कळलं मला, तिथल्या तिथे कळलं. तरी म्हणालो, टाका माती. एप्रिलमध्ये उकरलं तर निम्म्याहून जास्त बाग वाळलेली.

मालकाने सभा घेतली. विचारलं, कशाने गेली? मी म्हणालो, लागवड बरोबर आहे, बायकांनी हिसके देऊन वेली ओढल्या. एवढं एकच वाक्य. मा बाई समोर बसली होती. दुसऱ्या दिवशी तिची पूर्ण टोळी काढली. मग मी तीच बाग कलती लावली, तिने सांगितली तशी, आणि ‘उत्कृष्ट बाग व्यवस्थापन’ म्हणून मला प्रमाणपत्र मिळालं. विघ्नेशने त्याला इथे एकशे वीस दिरहमची, म्हणजे पावणेतीन हजार रुपयांची, फ्रेम केली. पाहुणा आला की आधी तिच्यापुढे उभा करतो. ही फ्रेम काढावी. भिंतीवर डाग दिसेल, दिसू दे.

कलम ५. (हे कलम खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.)

का खोडलं ते सांगतो. यंदा रमजान ईदला स्वप्नालीने जुन्या दुभाष्याकडून मा बाईचा नंबर मिळवला. सूनबाईच्या फोनमधलं अ‍ॅप चिनीचं हिंदी करून देतं. मा बाई आता शहात्तरची. मला ओळखलं, जेवलात का विचारलं. मी म्हटलं, मुलगी कशी आहे? तिची मुलगी यान त्याच टोळीत होती, त्याच ओळींवर. मा बाई म्हणाली, ती घरी येत नाही. तिच्या हातून तुमची बाग मेली. मी तिला चार लोकांत बोलले, ती दक्षिणेला कारखान्यात निघून गेली, त्याला बारा वर्षं झाली. कलतं लावा म्हणून सांगणारी हीच बाई, पण तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणालात म्हणजे हातच चुकला असणार, असं तिने धरलेलं. मी फोनवर म्हणालो, ईद मुबारक. आणि ठेवला.

तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. म्हणून कलम पाचमध्ये लिहिलं होतं की, माझ्या निधनानंतर सौ. स्वप्नालीने मा बाईस खरी हकिकत कळवावी. विघ्नेश वाचून भडकला. “बाबा, लीव्ह इट ना. खलास झाला तो विषय. म्हाताऱ्या बाईला आता कशाला त्रास?”

स्वप्नाली शांतपणे म्हणाली, “मी सांगेन, बाबा. पण ती विचारेल, जिवंत होते तेव्हा का नाही बोलले? त्याला काय उत्तर देऊ, ते पण लिहून ठेवा.”

मला उत्तर लिहिता आलं नाही. पेन घेऊन बसलो, दोन चहा झाले, नाही आलं.

म्हणून आज दोन्ही साक्षीदार आल्यावर, सहीच्या आधी, मी स्वप्नालीला व्हिडिओ फोन लावायला सांगितला. शेजारी मुझम्मिलभाई म्हणाले, “यल्ला, लावा काका, आम्ही बसलोय.” फोन लागला. मी म्हणालो, बाग मी मारली. खोड सरळ लावलं ते मी. यानचा हात चुकला नव्हता, कोणाचाच नव्हता. मी खोटं बोललो.

मा बाईने फोन तोंडाजवळ घेतला. मग विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच दिवशी. मोडताना.”

तिने डोक्यावरचा रुमाल सैल केला, पुन्हा बांधला. मी म्हणालो, यानला सांगाल ना? ती म्हणाली, “माझा फोन ती उचलत नाही. तुम्ही सांगा.” आणि एकेक आकडा सावकाश म्हणत तिने नंबर दिला. स्वप्नालीच्या हाताशी हाच कागद होता, तिने समासात उतरवला. मी माफी मागायला तोंड उघडलं तोवर मा बाईने फोन ठेवला होता.

कलम ६. समासातला नंबर या मृत्युपत्राचा भाग समजू नये. तो मी कोणाला देऊन जात नाही. आत्तापर्यंत तीनदा लावला, उचललेला नाही. गुरुवारपर्यंत माझ्याकडे चार दिवस आहेत. सही झाली की पुन्हा लावतो.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

केरू सखाराम गाजरे

साक्षीदार:
१. मुझम्मिल परकार, मूळ म्हसळा, जिल्हा रायगड, हल्ली खलिफा सिटी. (फोनवरचे बोलणे मीही ऐकले.)
२. नागेश ढोमसे, मूळ तालुका निफाड, हल्ली अल बर्शा, दुबई. (मीही.)

स्थळ: खलिफा सिटी, अबू धाबी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार