तुम्ही मारलेली धार

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझा राग अजून तसाच आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. आखातातल्या अल ऐनच्या आइस रिंकमध्ये तुम्ही बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवायचात, खेळाडूंच्या स्केट्सच्या पात्यांना धार लावायचात, आणि तिथेच तुमच्या नजरेसमोर मी खेळायला शिकलो. पुढे पगार घेऊन आइस हॉकी खेळणारा आपल्या लोकांतला मी पहिलाच. दोन सीझन रिंकच्या दारावर माझा मोठा फोटो होता. रत्नागिरीकडची, साइटवर राबणारी माणसं सुट्टीच्या दिवशी बस करून यायची आणि नियम कळत नसले तरी घसा फोडून ओरडायची. तुम्ही मात्र घरी भात कालवता कालवता एकच म्हणायचात, "बर्फ पुसून तुला शिकवलं, ते तू त्याच बर्फावर आपटावंस म्हणून नाही. ऑफिसातली नोकरी बघ."

मग परदेशातल्या एका मोठ्या क्लबचे दोघं मला बघायला आले. त्या सकाळी तुम्ही स्वतःहून म्हणालात, "दे इकडे, मी लावतो धार." मला किती बरं वाटलं होतं! पहिल्याच वळणावर पाय निसटला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा कडेच्या फळीवर आपटलो, तेव्हा त्या दोघांनी वह्या मिटल्या. आमचा कॅप्टन म्हणाला, "खलास, हबीबी." आणि तुम्ही गाडी काढलीत, मी पडलो होतो त्या खुणांवरून सावकाश फिरवलीत. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही तुमच्या.

तुम्ही गेल्यावर तुमच्यासोबत काम करणारे पठाण चाचा घरी आले. रडत म्हणाले, "बेटा, उस दिन तेरे बाप ने धार लगाई नहीं, पत्थर घिसके उतारी थी. बोला, लड़का दूर चला जाएगा."

वा, बाबा! आता मी रास अल खोरच्या गोदामात सुपरवायझर आहे. तुम्हाला हवी होती तशी खुर्ची आहे, एसी आहे. जुना फोटो बघून तुमची नात विचारते, "डॅड, वॉज दॅट रिअली यू?" मी मान हलवतो आणि मनात तुम्हाला शिव्या घालतो.

हे पत्र मी तुमच्या फोटोपुढेसुद्धा ठेवणार नाही, कारण एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बर्फावर उतरण्याआधी प्रत्येक खेळाडू पात्यावरून नख ओढून बघतो. धार असेल तर नखाचा पांढरा कीस निघतो. त्या दिवशी मीही ओढून बघितलं होतं. कीस निघाला नाही. दुसरी जोडी बॅगेत होती, पण मी ती काढली नाही. चांगल्या धारेवरही मी कमी पडलो असतो तर, बाबा? मला तीच भीती होती.