शिवांगीच्या पालकत्वाबाबत आणि दोन शहरांबाबत

मी, सुरेखा पद्माकर सूर्यवंशी, वय ४४, राहणार तोआ पायोह, सिंगापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. सोमवारी माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर आशावादी आहेत, मीही आहे. पण मुलगी चौदा वर्षांची आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी शिवांगी हिची.

२. माझे पती कै. पद्माकर जहाजावर इंजिनिअर होते. त्यांची पान्यांची पेटीही शिवांगीची. ती मुलीच्या काय कामाची, असे कोणी म्हणू नये. हॉलमधला पंखा तिनेच दुरुस्त केला आहे.

३. कोल्हापूरच्या माहेरच्या घरातला माझा हिस्सा मी १९८१ साली थोरले बंधू प्रबोध इंगवले यांना हक्कसोडपत्राने दिला. त्याच संध्याकाळी दादाचे स्त्रियांच्या हक्कांवर व्याख्यान होते. मी पहिल्या रांगेत होते. तो उत्तम बोलला. हिस्सा परत मागत नाही.

४. सांगलीचे माझे दीर शामकांत यांचा पत्रिकेवर विश्वास नाही. मुलाच्या लग्नात त्यांनी ती केवळ मुलीकडच्यांच्या समाधानासाठी जुळवली, दोनदा. याबद्दलही माझी तक्रार नाही.

५. हे दोघे माझ्या ऑपरेशनसाठी आले असून आठवडाभर एकाच हॉलमध्ये झोपतात. मला काही झाले तर शिवांगीला आपल्या गावी न्यावे, असे प्रत्येकाचे म्हणणे आहे. कारण मुलीने वाढावे असे पुरोगामी शहर तेच. दोन्ही गावांत दीड तासाच्या एसटीचे अंतर आहे.

काल नाश्त्याला दादा म्हणाला, "आमच्या महाराजांनी आरक्षण दिलं, तेव्हा तुमची सांगली मोदक खात होती."

भाऊजी म्हणाले, "तुम्हाला राजानं पुरोगामी केलं, प्रबोधराव. आम्ही आमचे झालो. पत्री सरकार काय वरून हुकूम आला म्हणून चाललं?"

शिवांगी इथल्या बोलीतला 'लाह' जोडून म्हणाली, "मामा, काका, टोस्ट थंड झाला लाह."

६. चार वर्षांपूर्वी पद्माकरांच्या अस्थी आम्ही सांगलीला कृष्णेवर नेल्या. शिवांगी दहा वर्षांची होती. घाटावर तिने विचारले, "आई, मी सोडू बाबांना?"

दादाने मला बाजूला घेतले. "आमचं काही नाही गं, कोल्हापुरात सहज झालं असतं. पण या सांगलीकरांना झेपायचं नाही."

थोड्या वेळाने भाऊजी आले. "वहिनी, माझी ना नाही. पण तुमच्या माहेरची माणसं आलीत. कोल्हापूरकर नावं ठेवतील."

अस्थी भाऊजींनी सोडल्या. शिवांगी माझा पदर धरून उभी होती. त्या दिवशी मीही काही बोलले नाही. इतरांचे लिहिले, तर हेही लिहिले पाहिजे.

७. सबब, मी नसल्यास शिवांगीचे पालकत्व माझी मैत्रीण सरोजिनी हिच्याकडे जावे. ती मूळची नागपूरची, येथे नर्स आहे, आमच्या दोन मजले खाली राहते. होकार देण्याआधी तिने शिवांगीला विचारले, "तुला चालेल का माझ्याकडे?"

"चालेल मावशी. भेंडी रोज नको."

शिवांगीची शाळा बदलू नये. सुट्टीत तिने कोल्हापूर, सांगली दोन्हीकडे जावे. आधी कुठे, ते तिने ठरवावे.

८. माझे सर्व अंत्यविधी शिवांगीने करावेत. दुसऱ्या कोणाला चालेल, न चालेल, याची चौकशी करू नये.

९. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. दादा व भाऊजी यांना मी काहीही ठेवलेले नाही, त्यामुळे दोघेही पात्र आहेत. आज सकाळी त्यांना हे सर्व वाचून दाखवले. मग दादाने विचारले, आधी सही कोणाची? मी म्हटले, वयाप्रमाणे. सहीबरोबर स्वतःचे काही लिहायचे असल्यास एका ओळीची मुभा आहे.

सिंगापूर, शनिवार, ११ मे १९९६
सही: सुरेखा पद्माकर सूर्यवंशी

आम्हा दोघांसमोर सही झाली:

प्रबोध इंगवले, कोल्हापूर. "माझी तेव्हा घाटावरही हरकत नव्हती."

शामकांत सूर्यवंशी, सांगली. "माझीही नव्हती. पोरीला कुणीच सांगितलं नाही."