हार्मोनियमची किल्ली

कोल्हापूर, शनिवार, मार्च १९७२

समेट झाला म्हणे! उद्या देवळात प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायचा. भांडण मिटवल्याशिवाय प्याल्याला हात लावायचा नाही, म्हणून पाळकसाहेबांनी आज मला आणि दाविदरावांना समोरासमोर बसवलं. दाविदराव आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. देवळातल्या हार्मोनियमची किल्ली त्यांच्याकडे असते. आईच्या मयताला आम्ही तिचं आवडतं भजन म्हणणार होतो, तर ह्या माणसानं हार्मोनियमला कुलूप घातलं. देवळात विलायती चालीचीच गीतं पाहिजेत म्हणे. आई सुराविनाच गेली.

आणि आज म्हणतात, "झालं गेलं सोडा की ताई. दोघांचंबी चुकलं." दोघांचं? माझं काय चुकलं? बोलताना ती किल्ली खिशाबाहेर लोंबत होती. तिच्याकडेच बघत मी "आमेन" म्हटलं.

पाळकसाहेब खूश. "उद्या मंडळीपुढं उभं राहून साक्ष द्या, बाई. सगळ्यांना कळू दे एकी काय असते."

देते ना. 'आईच्या मयताला हार्मोनियमला कुलूप घातल्याबद्दल मी दाविदरावांना क्षमा करते.' नाव घेऊन, सावकाश, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. शाळेत पोरांपुढं कमावलेला आवाज आहे माझा.

ही क्षमा झाली का? देवाला विचारायला हवं. पण आज नाही विचारणार.

साक्षीनंतर प्याला घेऊन दाविदरावच बाकाबाकाशी येतात. किल्ली तेव्हाही खिशात असेलच. माझ्यापुढं प्याला धरताना त्यांचा हात थरथरतो का, तेवढं मला बघायचं आहे.